सातवं घर

मार्च लागला की आमच्या बारामतीच्या घरात चिंच शिरते. माझी बायको सुनंदा पोतंभर चिंच घेते, फरशीवर जुनं लुगडं अंथरते आणि पुढचे आठ दिवस आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. टरफलं एकीकडे, शिरा एकीकडे, गर पातेल्यात, चिंचोके सुपात. सगळं घर आंबट होतं. वर्तमानपत्र हाताला चिकटतं, मोबाईल चिकटतो, दाराची कडी चिकटते. पाहुणा आला तर त्याच्याही हातात बत्ता दिला जातो आणि चहाआधी त्यानं निदान एक पाटी चिंच फोडावी अशी अपेक्षा असते.

मला एकच काम आहे, चिंचोके निवडायचं. ते मी मन लावून करतो. चिंचोका फार देखणा असतो. काळपट तांबडा, कडेला गोलसर, जणू कुणी तेलाचा हात फिरवून ठेवलेला. उन्हाळ्यातसुद्धा हाताला गार लागतो. मूठभर चिंचोके या हातातून त्या हातात ओतले की बारीक खुळखुळ होते, आणि मला मेंढरं दिसायला लागतात.

"दिसायला लागली का?" सुनंदा न बघताच विचारते.

"लागली."

"किती?"

मी पुढचा चिंचोका उचलतो. तिला तो आकडा माहीत आहे. तोच आकडा का, ते मात्र तिला मी कधी सांगितलं नव्हतं. यंदापर्यंत.

मी गणिताचा मास्तर आहे आणि स्वभावानं नाटक्या. देवानं एकाच माणसात या दोन गोष्टी का घातल्या असतील कोण जाणे, पण घातल्या. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, शिक्षकांच्या रटाळ प्रशिक्षणात, चार माणसं दिसली की माझा पडदा वर जातो. गेली कित्येक वर्षं शाळाशाळांतून माझा एक कार्यक्रम चालतो. सुताराकडून कोरून घेतलेली बारा खळग्यांची फळी आणि चिंचोक्यांची पिशवी एवढाच संसार. समोरच्या कुणालाही म्हणायचं, पन्नासच्या आतला आकडा सांगा. ते सांगतात सत्तावीस. मी डोळे मिटतो, कपाळाला हात लावतो (हे निव्वळ नाटक), आणि सत्तावीस चिंचोके फळीवर असे मांडतो की नियमानं खेळत गेलं तर सगळे घरी पोचतात, एकही अडकत नाही. मग सांगतो की प्रत्येक आकड्याची अशी मांडणी असते, आणि एकच असते. दुसरी शोधून दाखवा, माझं नाव बदला.

आणि मग मी बिरूआबाची गोष्ट सांगतो. टाळ्या तिथं पडतात.

अठरा वर्षांपूर्वी मी निमगाव केतकीच्या एका शाळेत होतो. आकडा मी निवडलेला नाही, तेवढीच वर्षं झाली आहेत. गावाबाहेर पानमळ्याच्या कडेला एक खोली भाड्यानं घेतली होती. शेजारी बिरूआबा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर, पण मुलगा सोपान ऊस लावून कारखान्याचा सभासद झाला होता, ट्रॅक्टरचा विचार करत होता. मेंढरं उरली होती ती फक्त आबाच्या हट्टापायी. खंडीला दोन कमी. मेंढराची खंडी विसाची, म्हणजे अठरा.

दोन्ही घरांच्या मध्ये एक थोरली चिंच होती आणि तिच्याखाली एक चपटा काळा दगड. दगडात एका ओळीत सात खळगे कोरलेले, आणि एका टोकाला एक मोठा खळगा. सहा जुने, त्याच्या वडिलांच्या हातचे, झिजून गुळगुळीत झालेले. सातवा आबानं स्वतः कोरलेला, कडा अजून खरबरीत.

तो उन्हाळा मला वासानं आठवतो. वरून चिंचा झोडल्या जात होत्या, खाली बायका फोडत बसल्या होत्या. ओल्या लोकरीचा वास, चिंचेचा आंबट वास, आणि रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली की मागे राहणारा गोड धुरळा. दहावीचे पेपर सुरू होते. मी सकाळी शाळेत जाऊन पोरांच्या बाह्यांतून, मोज्यांतून, कंपासपेटीच्या झाकणांतून कॉप्या काढायचो. त्यात मी पटाईत होतो. पोरं मला 'एक्स रे' म्हणायची. पेपर संपला की येऊन दगडापाशी बसायचो.

"आबा, हा कसला खेळ?"

"खेळ न्हाय. एकट्याची पेरणी."

त्यानं शिकवलं ते असं. मोठा खळगा म्हणजे खळं, सगळं धान्य शेवटी तिथं जायचं. खळ्याजवळचं पहिलं घर, मग दुसरं, मग तिसरं. ज्या घराचा जेवढा नंबर तेवढेच चिंचोके त्यात असतील तरच ते घर उचलायचं. तिसऱ्यात तीन असतील तर उचला, दोन असले तर हात लावायचा नाही. उचललेले खळ्याच्या दिशेनं एकेक पेरत यायचं, शेवटचा बरोबर खळ्यात पडतो. असं करत सगळी घरं रिकामी झाली पाहिजेत.

मी लगेच तीन चिंचोके घेतले. पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन. दोन्ही घरं उचलण्यासारखी. मी ऐटीत दुसरं उचललं, एक पहिल्यात टाकला, एक खळ्यात. आता पहिल्या घरात दोन झाले आणि ते काही केल्या उचलता येईना.

"अडलं," आबा म्हणाला. "जवळचं आदी उचलावं, मास्तर. जवळच्याला ताटकळत ठिवलं की त्येचं वझं वाढतं, मग ते हलत न्हाय."

एवढाच नियम. नेहमी जवळचं आधी. गणिताच्या भाषेत त्याची सिद्धता लिहायला मला दोन पानं लागली.

पण आबाची करामत त्याच्या उलट होती. रोज सकाळी मेंढरं वाघरातून, म्हणजे त्यांच्या जाळीच्या कोंडातून, एकेक करून बाहेर पडायची आणि आबा दगडाशी बसून प्रत्येक मेंढरामागे एक उलटी पेरणी करायचा. खळ्यापासून सगळ्यात जवळचं रिकामं घर बघायचं, त्याच्या अलीकडच्या प्रत्येक घरातून एकेक चिंचोका उचलायचा, खळ्यातला एक त्यात मिळवायचा आणि सगळे त्या रिकाम्या घरात टाकायचे. की झालं एक मेंढरू. पुन्हा दुसरं. बोटं अशी चालायची की हार्मोनियम वाजवतोय असं वाटावं. बारा मेंढरं गेली की सहावं घर पहिल्यांदा भरायचं. सतरा झाली तरी सातवं रिकामंच. अठरावं बाहेर पडलं की एकदम अलीकडच्या सहाही घरांतून एकेक उचलून सात चिंचोके सातव्या घरात. पहिली दोन रिकामी, मग दोन, एक, तीन, पाच, आणि शेवटी सात. एक-दोन-तीन म्हणायची गरज नव्हती. सातवं घर भरलं, मेंढरं पुरी. मग चहा घेऊन आला की पडताळा म्हणून आबा तीच मांडणी सुलटी पेरत सगळे चिंचोके खळ्यात परत न्यायचा.

"आबा, त्यापेक्षा पिशवीत मोजून अठरा चिंचोके ठेवा की. एका मेंढराला एक."

"पिशवीतला एक पडला तर पिशवी सांगती का? दगूड सांगतो. एक हिकडचा तिकडं झाला की पेरणी अडती."

मी त्या रात्री वहीत आकडे लिहिले. कितव्या मेंढराला कितवं घर पहिल्यांदा उघडतं? दुसऱ्याला दुसरं, चौथ्याला तिसरं, सहाव्याला चौथं, दहाव्याला पाचवं, बाराव्याला सहावं, अठराव्याला सातवं. पुढे अठ्ठेचाळीसाव्याला बारावं. घराच्या नंबराचा वर्ग करा आणि मेंढरांच्या आकड्यानं भागा. एकशे चव्वेचाळीस भागिले अठ्ठेचाळीस, तीन. पुढे ते कमीजास्त होत, अडखळत जातं, पण कळप जसा अफाट वाढवाल तसं एका जागी स्थिरावत जातं. वर्तुळाचा तो पाय. तीन पूर्णांक चौदा आणि पुढचं न संपणारं शेपूट. सरळ ओळीतल्या खळग्यांत वर्तुळ आलं कुठून? मी सकाळी धावतच आबाकडे गेलो.

"आबा, ह्यात पाय निघतो, पाय."

आबानं माझ्याकडे मान वळवली. "मेंढरं म्हटल्यावर पाय निघनारच की, मास्तर."

हा विनोद मी कार्यक्रमात सांगतो. हमखास हशा येतो.

कार्यक्रमात सांगत नाही ते आता.

आबानं मान वळवली असं मी म्हटलं, बघितलं असं म्हटलं नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. एकेका मेंढराला तोंडावरून ओळखणारा माणूस, त्याला आता सगळा कळप म्हणजे धुरकट ढग दिसत होता. सोपान रोज एकच विषय काढायचा.

"आबा, दिसंना झालंय. मेंढरू पान्याच्या चारीत पडलं, कुणी उचलून न्हेलं, तर कळंल का तुमाला?"

"मला दिसायची गरज न्हाय. मोजता येतंय."

"बरं. ज्या दिशी मोजनी चुकंल त्या दिशी टेम्पो बोलावून मेंढरं इकनार. कबूल?"

"कबूल," आबा म्हणाला. माझ्या देखत म्हणाला. तेव्हा काय पणाला लागलंय हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दोन पेपरांच्या मधला सुट्टीचा दिवस होता. सकाळी मेंढरं बाहेर पडली, आबानं बोटं चालवली, सातवं घर भरलं. सुनेनं, मंगलनं, चहाला हाक मारली. आबा काठी टेकत गेला. दगडापाशी मी एकटा.

आदल्या रात्री मला एक गोष्ट सुचली होती आणि ती मला गप्प बसू देत नव्हती. कुणी एक चिंचोका चोरला तर दगड सांगतो, खरं. पण दगडाला फसवायचं असेल तर? चुकीचं खोटं सापडतं. बरोबर खोटं बोललं तर? अठराच्या मांडणीतून सतराची मांडणी करायला काय लागतं? एक खेळी. सातवं घर उचलायचं आणि पेरत यायचं. ती तर आबाचीच पुढची खेळी. मी फक्त त्याच्याआधी खेळायची.

मी सातही चिंचोके उचलले. सहाव्यात एक, पाचव्यात एक, चौथ्यात, तिसऱ्यात, दुसऱ्यात, पहिल्यात, आणि शेवटचा खळ्यात. टप. एक, एक, तीन, दोन, चार, सहा, आणि सातवं रिकामं. निर्दोष सतरा. जगात त्या दिवशी आबाच्या भाषेत खोटं बोलू शकणारा एकच माणूस होता आणि तो चिंचेच्या बुंध्याआड तोंडावर रुमाल धरून हसत होता.

आबा आला. खाली बसला. हात सातव्या घरात गेला आणि तिथंच थांबला. मग त्यानं शांतपणे जवळचं आधी उचलत पेरणी सुरू केली. अडली नाही. सगळे चिंचोके खळ्यात गेले. दगडानं साक्ष दिली की सतरा.

आता पुढं व्हायचं, दोन्ही हात पसरायचे, "आबा, फसलात" म्हणायचं, असा माझा बेत होता. तेवढ्यात शाळेचा शिपाई सायकलवरून आला. हेडमास्तरांनी ताबडतोब बोलावलंय, उद्याच्या पेपरच्या बैठकव्यवस्थेत घोळ झालाय. मी मनात म्हटलं, संध्याकाळी सांगू. तोवर गंमत आणखी पिकेल. खरोखर असंच म्हटलं. पिकेल.

चार वाजता परत आलो तेव्हा आबा ओट्यावर बसला होता आणि मंगल त्याच्या तळपायातले बाभळीचे काटे सुईनं काढत होती. तो दिवसभर कॅनॉलच्या कडेनं, उसाच्या सरींतून, चाऱ्यांतून हाका मारत फिरला होता. धुरकट डोळ्यांनी. एका चारीत पडला होता, गुडघा फुटला होता. सोपाननं त्याला मोटरसायकलवर घालून आणला होता. मेंढरं चिंचेखाली उभी होती.

"आबा म्हन्त्यात सतरा," सोपान म्हणाला. "मला तर अठरा दिसत्यात. मास्तर, तुमी गनिताचं. तुमी मोजा."

मी मोजली. एकेका मेंढरावर बोट ठेवून मोजली. मी आयुष्यात इतकं काळजीपूर्वक काही मोजलं नसेल.

"अठरा," मी म्हणालो.

आबानं माझ्या आवाजाकडे तोंड केलं. "आन्‌ दगडावर सकाळी काय हुतं, मास्तर? तुमी हुता की."

"सतरा," मी म्हणालो.

दोन्ही उत्तरं खरी होती. पेपरात मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

"मंग माजं मोजनं गेलं," आबा म्हणाला. भांडला नाही, सोपानला बोलला नाही. पाय पुढं करून मंगलला म्हणाला, "हितं अजून एक हाय बघ."

मी का बोललो नाही? याचं उत्तर मी अठरा वर्षं सुशोभित करत आलो आहे. नोकरी जाणार नव्हती. कुणी मारणार नव्हतं. सोपान चिडला असता, बायका दोन दिवस हसल्या असत्या, 'मास्तर येडा हाय' म्हणाल्या असत्या. बस, एवढंच. लोकांना हसवणाऱ्या माणसाला स्वतःचं हसं झालेलं खपत नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी ओठ मिटले. तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. टेम्पो आला. मेंढरं चढताना आबा दगडाकडे पाठ करून बसला होता. त्याच दिवशी मी पर्यवेक्षक म्हणून एका पोराची कॉपी पकडली. पोरगं रडत म्हणालं, "सर, एकदाच केली." मी त्याला बाहेर काढलं.

जूनमध्ये मी बदली करून घेतली आणि बारामतीला आलो. फळी कोरून घेतली. कार्यक्रम सुरू झाला. शाळेत एक दिवसही न गेलेल्या थोर माणसाची गोष्ट मी सांगत राहिलो, हातवारे करून, आबाचा आवाज काढून. शेवट मी असा करायचो: "आणि सातवं घर भरलं की आबा हसायचा." मग टाळ्या.

यंदा फेब्रुवारीत एका शाळेतला कार्यक्रम संपला आणि वैशाली नावाच्या तरुण शिक्षिका पुढं आल्या. म्हणाल्या, "सर, मी निमगावची सून. बिरूआबा आमच्या शेजारीच राहतात."

"आहेत?" माझ्या तोंडून निघालं.

"आहेत की. ऑपरेशन झाल्यापासून चांगलं दिसतं. पण सर, तुमचा कार्यक्रम मागे बघितला होता ना, म्हणून मी त्यांना म्हटलं, मला तो खेळ शिकवा. तर म्हणाले, माझं मोजणं गेलंय. भाकरी किती खाल्ल्या विचारलं तरी तेच म्हणतात. नातवंडं किती, तरी तेच. मंगलकाकी म्हणतात, आबांनी कित्येक वर्षांत आकडा उच्चारलेला नाही. असं कसं झालं असेल, सर?"

मी म्हणालो, वय. दुसरं काय.

तो माझा दुसरा गुन्हा. पहिल्यापेक्षा हा लहान नाही.

मग मार्च आला, पोतं आलं, चिंचोके सुपात खुळखुळले. सुनंदानं विचारलं, "किती?" आणि मी सूप खाली ठेवून तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. चिकट हात लुगड्याला पुसले. माझ्या गोष्टीला ती हसली नाही असं पहिल्यांदाच झालं.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "इंदापूरची एसटी दर तासाला आहे."

एसटीत मी खिडकीशी बसून संवाद पाठ केले. सवय. आधी तब्येतीची चौकशी, मग जुन्या आठवणी, मग योग्य जागी एक विराम. बाहेर तोडणी झालेले उसाचे फड, उन्हात वाळणारं पाचट. निमगावला उतरलो तोवर पाठ केलेलं सगळं उडालं होतं.

चिंच तिथंच होती. खाली आठनऊ बायका चिंचा फोडत होत्या. आबा बाजेवर बसला होता, जाड काचांचा चष्मा, लख्ख डोळे. दगड नळाखाली पडला होता. त्यावर भांडी घासत. खळग्यांत राखेचं पाणी साचलेलं.

"मास्तर व्हय?" आबा म्हणाला. "केस गेलं की तुमचं. ह्ये मला आदी दिसलं नव्हतं."

बायका हसल्या. मी बाजेच्या कडेला टेकलो आणि विराम वगैरे काही न घेता म्हणालो, "आबा, त्या दिवशी दगडाला हात मी लावला होता."

कुठल्या दिवशी, असं त्यानं विचारलं नाही.

"सातवं घर भरलं होतं. तुम्ही चहाला गेलात. मी ते उचललं आणि पेरलं."

"सगळं?"

"सात चिंचोके. एकेक घरात एकेक. शेवटचा खळ्यात."

"बराबर पेरलंस?"

तुमीवरून तो तूवर आला होता. "बरोबर," मी म्हणालो.

आबा अंगठा बोटांवर फिरवत राहिला, जणू हातात चिंचोका आहे. "म्हनून अडला न्हाय," तो म्हणाला. "मी म्हन्तोय, माजी मांडनी चुकली तर दगूड अडला का न्हाय. चुकलेलं अडतंय. तवा अडला का न्हाय. रोज इचार करतूय. म्हंजी मी अठराच मांडली हुती."

"अठराच, आबा."

"आन्‌ मी कॅनॉलनं हिंडत हुतो तवा तू?"

"शाळेत."

"आन्‌ टेम्पो आला तवा?"

बायकांचे बत्ते थांबले होते. 

"मंगल," आबानं हाक मारली, "त्यो दगूड धू आन्‌ हितं आन. आन्‌ चिंचोकं."

मंगल आणि दुसऱ्या एका बाईनं दगड उचलून आणला. बोटानं खळगे पुसले. आबा बाजेवरून खाली उतरला, मांडी घातली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले.

"आता समद्यांनी हितं या. एकेक. मास्तरला गोष्ट सांगायचीय."

"कसली ओ आबा?" एक बाई उठत म्हणाली.

"भारी सांगतो म्हन्त्यात. गावोगाव फिरून सांगतो." आबानं पहिल्या घरात एक चिंचोका टाकला. तो उठलेल्या बाईचा; मला त्यानं मोजणीत धरलं नव्हतं.

बायका एकेक करून आल्या. आबाची बोटं आधी अडखळली, मग सुटली. दोन, तीन, चार. "आगं शांते, सरक की, मास्तरचं त्वांड दिसंना," मागची बाई म्हणाली. पाच, सहा. मंगल. तिची जाऊ. दहाव्या माणसाला पाचवं घर भरलं. शेजारचे तात्या काठी टेकत आले, "काय, भजन हाय का?" वैशाली मॅडम शाळेतून येत होत्या, त्या गाडी लावून आल्या, मला बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि माझा चेहरा बघून तसाच थबकला. त्यांच्या सासूबाई आल्या, मागोमाग पानमळ्यातले दोघंतिघं आले. आबा प्रत्येकाच्या पावलांकडे कान देऊन होता आणि प्रत्येकाला एक खेळी. किती वर्षांचा गंज म्हणावा तर दिसत नव्हता.

"सांगा की आता, गुरुजी," तात्या म्हणाले.

"थांब," आबा म्हणाला. "अजून भरलं न्हाय."

मी दगडाकडे बघितलं. एक, एक, तीन, दोन, चार, सहा. सातवं रिकामं. सतरा. माझ्या हातानं मांडलेली तीच मांडणी आज खरी होऊन समोर पडली होती. आणखी कुणी येऊ नये असं मला वाटलं. मनापासून वाटलं. दिवस अजून बराच वर होता, चिंचेची सावली दगडाच्या कडेपर्यंत आली होती, आणि सतरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. असा प्रेक्षक मिळावा म्हणून मी जन्मभर तडफडलो आहे.

रस्त्यावर मोटरसायकल थांबली. सोपान. पिकलेल्या मिशा, खांद्यावर टॉवेल. "काय झालं? कोन आलंय?" म्हणत तो गर्दीतून पुढं आला. मला ओळखून हसला, हात जोडले. "मास्तर, किती वर्सांनी."

आबानं सहाही घरांतून एकेक चिंचोका उचलला, खळ्यातला एक त्यात मिळवला आणि सातही चिंचोके सातव्या घरात सोडले. मग डोळे उघडले, खिशातून चष्मा काढून घातला आणि आधी सोपानकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"अठरा," आबा म्हणाला. "आता सांग."